रागाचा कप्पा

समोरची सहकारी मोठ्याने वाचत ‘यकृताचे विकार असल्यास, स्वल्पविराम, वैद्यकीय सल्ल्याशिवाय’पर्यंत आली होती, तेव्हा टेबलाच्या खणात फोन थरथरला. छापखान्यातल्या तपासणीच्या खोलीत फोन खणात ठेवायचा नियम होता, आणि तिचा फोन या वेळेला एकाच माणसासाठी थरथरायचा. तिने एक बोट छापील ओळीवर तसंच ठेवलं आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला. “किसणे,” फोनमधला आवाज म्हणाला, “मी दादा बोलतोय. आवाज गेला.” आवाज कुणा तरी सुखवस्तू, नुकत्याच न्हालेल्या, जन्मात कधी सर्दी न झालेल्या पुरुषाचा होता. तिला आधी वाटलं, कुणी तरी थट्टा करतंय. पण तिला किसणी म्हणणारा जगात एकच माणूस होता. लहानपणी ती प्रत्येक गोष्टीचा कीस काढायची म्हणून त्यानेच ते नाव ठेवलं होतं. आणि त्याचा आवाज तर तीन वर्षांपूर्वी गेला होता, घशातली गाठ काढताना स्वरयंत्रासकट. एकदा गेलेला आवाज पुन्हा जाईल कसा? “किसणे,” तो न्हालेला माणूस पुन्हा म्हणाला, त्याच सुरात, जणू हवामानाचा अंदाज सांगावा, “सगळं पुसलं गेलं. ये.” तिचं ओळीवरचं बोट घसरलं. समोरचीने वाचणं थांबवून चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, “जा तू. मी साहेबांना सांगते. चेहरा बघ काय झालाय तुझा.”

बसमध्ये तिला उभं राहायलाही धड जागा मिळाली नाही, आणि बरंच झालं, बसली असती तर शेजारच्यावर खेकसली असती. तिला सगळ्यांचाच राग येत होता. खिडकी बंद करणाऱ्याचा, उघडणाऱ्याचा, फोनवर आपल्याच जिवंत आवाजात मोठमोठ्याने बोलणाऱ्या त्या पुढच्या बाईचा तर फारच. किती उधळतात लोक आवाज! दादाने शस्त्रक्रियेच्या आधीच्या आठवड्यात दोनशे सहा वाक्यं बोलून ठेवली होती. दोनशे सहा, तिने स्वतः यादी केली होती. झोपायच्या खोलीत कपाटाची दारं सताड उघडून, आवाज घुमू नये म्हणून पलंगावर रजया पसरून, तो मांडी घालून बसायचा आणि ती समोर पाटी, म्हणजे टॅबलेट, धरून. ‘चहा दे’ झालं, ‘दार उघडं आहे’ झालं, वहिनीसाठी ‘चष्मा तुझ्याच डोक्यावर आहे’ झालं. एक जांभईसुद्धा होती, कारण जांभई आली आणि तो म्हणाला, असू दे, जांभईपण माझीच. तो पोहणं शिकवायचा. बंदिस्त तलावाच्या छतापर्यंत जाऊन परत येणारा असा त्याचा आवाज होता, ‘मार उडी, पाणी चावत नाही!’ तेही वाक्य घेतलं, खोलीत जेवढ्या मोठ्याने घेता आलं तेवढ्या. आणि शेवटच्या दिवशी तो म्हणाला, हे सगळं गुळमुळीत झालं, मी चिडणार नाही का कधी? मग अकरा वाक्यं रागाची घेतली. त्यातली चार शिव्या होत्या आणि एक नुसतीच गर्जना. तिने त्यांचा वेगळा कप्पा केला आणि त्याला नाव दिलं ‘राग’. तीन वर्षांत तो कप्पा त्याने सगळ्यात जास्त वापरला, हे वहिनी हसत हसत सांगायची, आणि मग हसायची थांबायची.

हे सगळं जिथे ठेवलं होतं ते सॉफ्टवेअर कुणाचंच नव्हतं. म्हणजे जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही घ्यावं, कुणीही दुरुस्त करावं असं, बोलता न येणाऱ्यांसाठी. पाटीवर चित्रं आणि शब्द, त्यांवर बोट ठेवलं की साठवलेला आवाज बोलतो, नसेल साठवलेला तर यंत्र बोलतं. ते मराठीत नव्हतं. मग तिने ते मराठीत आणलं, सुट्टीच्या दिवशी, जेवणाच्या वेळेत, एकेक ओळ. दोन हजारांवर ओळी. सुरुवातीला आणखी दोघं होते. एक निवृत्त पोस्टमन, त्याची नजर गेली. एक विद्यार्थिनी, तिला नोकरी लागली. मग तीच उरली आणि संकेतस्थळावर तिच्या नावापुढे ‘मराठीच्या जबाबदार’ असं दिसायला लागलं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं. छापखान्यात ती औषधांच्या डब्यातली घडीची पत्रकं तपासायची, जी लोक न उघडता फेकून देतात. इथे तिची ओळ दादाच्या बोटाखाली होती. पहिली आवृत्ती तर तिने आणि दादाने मिळूनच तपासली होती, छापखान्याच्या पद्धतीने. छापखान्यात एकट्याने तपासायची परवानगीच नव्हती. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, स्वल्पविरामासकट, दुसऱ्याने छापील प्रतीवर बोट फिरवायचं आणि ओळ बरोबर असेल तर टेबलावर एकदा ठोकायचं. डोळा स्वतःला हवं ते बघतो, कान फसत नाही, असं जुने लोक सांगायचे. दादाला बोलता येत नव्हतं पण ठोकता येत होतं. तिने वाचायचं, त्याने ठोकायचं. चूक असेल तर दोनदा. त्याला त्यात फार मजा यायची. महिनाभर रोज संध्याकाळी ते दोघं घर बांधत असल्यासारखे ठकठक करत बसायचे, आणि वहिनी म्हणायची, खालचे लोक तक्रार करतील.

फोनवर त्याचा निरोप आला होता. ‘सकाळी अपडेट झालं. विचारलं जुन्या ध्वनिफिती ठेवायच्या का. मी ठेवा दाबलं. गेल्या.’ तिने एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने आपल्या फोनवरचं तेच सॉफ्टवेअर उघडलं. तिथे तिच्या स्वतःच्या दोनच ध्वनिफिती होत्या, चाचणीसाठी घेतलेल्या. नवी आवृत्ती उतरवली. प्रश्न आला. तो मथळ्याच्या जागी होता; खाली दोन बटणं, एकावर ‘ठेवा’, दुसऱ्यावर भलतंच काही तरी, ‘परत जा’. तिने ‘ठेवा’ दाबलं आणि दोन्ही ध्वनिफिती गेल्या. तिने पाठी जाऊन पाहिलं, कचरापेटी पाहिली, साठवणीतल्या फोल्डरमध्ये पाहिलं. काढलेलं कायमचं पुसायचं आणि जागा मोकळी करायची, असाच त्या आवृत्तीचा नवा गुण होता. मग तिने बाकीची बटणं बघायला सुरुवात केली, एकेक. ‘आवाज वाढवा’च्या जागी ‘आवाज कमी करा’. ‘आवाज कमी करा’च्या जागी ‘भाषा’. ‘भाषा’च्या जागी ‘मदत’. प्रत्येक शब्द आपलं घर सोडून शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसला होता. ओळी एक घर घसरल्या होत्या. शब्दांत काहीच वावगं नव्हतं, नुसते पत्ते चुकले होते. कुणी तरी बाहेर वेगळ्या तक्त्यात भाषांतर करून ते एकगठ्ठा चढवलं होतं आणि चढवताना बघितलं नव्हतं.

कुणी ते तिला लगेच कळलं. पाणकोंबडी. महिन्यापूर्वी उगवलेली, नावाच्या जागी पाणकोंबडी लिहिलेली आणि चेहऱ्याच्या जागी पाणकोंबडीचं चित्र लावलेली कुणी तरी, जिने एका संध्याकाळी चारशे सूचना पाठवल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, ‘ताई, मला मदत करायची आहे!’ उद्गारचिन्हासकट. किती उत्साह! तिला असले उत्साही लोक माहीत होते. येतात, चार दिवस घर डोक्यावर घेतात, नाव यादीत लागलं की पसार. त्यांना वाटतं, शब्द म्हणजे काय, इथून उचलून तिथे ठेवायचे. तिच्या अंगाची लाही लाही झाली. तिथेच, बसमध्ये, कुणाचं तरी कोपर बरगडीत रुतलेलं असताना तिने प्रकल्पाच्या चर्चेच्या पानावर लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं: ‘ज्यांना एक ओळ धड बघून लावता येत नाही त्यांनी या कामाला हात लावू नये. हा टाइमपास नाही. पाणकोंबडी यांच्या निष्काळजीपणामुळे आज एका माणसाचा आवाज कायमचा पुसला गेला आहे. त्यांना यादीतून काढावं.’ पाठवलं. बरं वाटलं, उलटी झाल्यावर वाटतं तसं. पुढच्या थांब्यावर ती उतरली तेव्हा वाटेतल्या माणसांना ढकलत उतरली.

दार वहिनीने उघडलं. डोळे सुजलेले होते. “बघा तुम्हीच आता,” ती म्हणाली, “सकाळपासून जेवले नाहीत. एकदा पाटी उचलून भिंतीवर मारत होते, मी हात धरला.” दादा खिडकीपाशी टेबलाला बसला होता, पाठमोरा. मान अजून पोहणाऱ्याची होती, मागून बघितलं तर काही झालंय असं वाटू नये. ती जवळ गेली तेव्हा त्याने पाटी तिच्याकडे वळवली. कप्पे जिथल्या तिथे होते. ‘रोजचं’, ‘घरचं’, ‘बाहेरचं’, ‘राग’. प्रत्येकाखाली शून्य. तिने ‘राग’वर बोट ठेवलं. आत पांढरा, स्वच्छ, रिकामा पडदा. तिने स्वतःच कधी तरी लिहिलेली ओळ त्यावर होती, ‘इथे अजून काही साठवलेलं नाही’. ती ओळ लिहिताना किती विचार केला होता! ‘अजून’ घातलं होतं, माणसाला धीर वाटावा म्हणून.

“प्रत घेतली होती ना तुम्ही?” वहिनीने विचारलं. “तुम्ही म्हणाला होतात, रविवारी घेते.” रविवार आले होते. बरेच आले होते. प्रत्येक रविवारी नवीन आवृत्तीच्या ओळी असायच्या आणि तिला वाटायचं, आधी एवढं होऊ दे. ‘महत्त्वाच्या ध्वनिफितींची वेगळी प्रत जवळ ठेवा’ ही सूचनासुद्धा तिनेच मराठीत लिहिली होती. “कुणी केलंय ते मला माहितीये,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, त्या घरात फार दिवसांनी कुणाचा तरी चढला. “मी सोडणार नाही तिला. नाव बदलून येतात, चित्रं लावून येतात आणि लोकांच्या आयुष्यात लुडबुड करतात. हे बघ दादा, सगळ्याची नोंद असते तिथे. कुणी काय केलं, किती वाजता केलं, सगळं. तुला दाखवते.”

तिने पाटीवरच संकेतस्थळ उघडलं, पडदा मोठा होता म्हणून. ओळ शोधली. ‘ठेवा’. ओळीच्या उजवीकडे एक छोटं घड्याळाचं चित्र असतं, त्यावर दाबलं की त्या ओळीचा जन्मापासूनचा इतिहास उलगडतो. दादा वाकून बघायला लागला. वहिनीसुद्धा खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. पहिली नोंद: सुचवणार, पाणकोंबडी. “बघ,” ती म्हणाली. दुसरी नोंद त्याच दिवशीची, वीस मिनिटांनंतरची, तीही पाणकोंबडीचीच, टिपण म्हणून लिहिलेली: ‘ताई, माझ्याकडून चढवताना ओळी एक घर सरकल्यात असं वाटतंय. मला मागे घेता येत नाहीये, नव्या लोकांना तो हक्क नाही म्हणे. मंजूर करण्याआधी प्लीज बघाल का? सॉरी.’ तिसरी नोंद: मंजूर. त्यापुढे तिचं नाव, ‘मराठीच्या जबाबदार’, गुरुवार, दुपारी एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

गुरुवार. तिला तो गुरुवार चांगला आठवला, विसरला कुठे होता! जेवणाची सुट्टी संपायला बारा मिनिटं होती आणि डबा समोर न उघडलेला. दोन वाजता नव्या आवृत्तीसाठी भाषांतर घेणं बंद होणार होतं. ज्या भाषेचं काम नव्वद टक्क्यांच्या खाली ती भाषा त्या आवृत्तीत नाही, असा तिकडच्या लोकांचा कायदा होता, आणि मराठीची हिरवी पट्टी शहाऐंशीवर अडकली होती. ती घाबरली होती. दादाची पाटी सकाळी उघडेल आणि सगळी परक्या भाषेत, त्याला एकेक शब्द अडखळत वाचावा लागेल, हे डोळ्यांपुढे आलं होतं. पाणकोंबडीच्या चारशे सूचना तिथे थांबल्या होत्या. पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक बटण होतं, जे तिने तीन वर्षांत कधी दाबलं नव्हतं आणि दाबणाऱ्यांना नावं ठेवली होती: ‘सगळं मंजूर’. तिने पहिल्या पाच ओळी बघितल्या. त्या बरोबर होत्या, घसरण सहाव्या ओळीपासून होती. समोरची म्हणाली होती, “चल, घंटा होईल आता.” तिने दाबलं. पट्टी सरसर पुढे गेली, एक्क्याण्णव, त्र्याण्णव, आणि तिला जो आनंद झाला होता तो तिला आता आठवला, तो सगळ्यात वाईट. ती गुणगुणत टेबलाशी परत गेली होती. स्वल्पविराम चुकला म्हणून हजारो पत्रकं परत पाठवणारी ती.

वहिनीला तारखा आणि नोंदी कळायला थोडा वेळ लागला असावा, पण नाव वाचायला लागला नाही. “म्हणजे?” ती म्हणाली. “म्हणजे तुम्ही?” किसणीला एक क्षण, फक्त एक क्षण, वाटलं की अजून बोलता येईल. घाई तिकडच्या लोकांनी केली, नव्वदाचा कायदा त्यांचा, टिपण असं लपवून ठेवतात का, एकट्या बाईने किती बघायचं. सगळं खरं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. “मी,” ती म्हणाली. “न बघता मंजूर केलं. तिने सांगितलं होतं बघा म्हणून. मी तेही वाचलं नाही.”

दादाने पाटी स्वतःकडे ओढली. ती वाट बघत राहिली. तलावावर कुणी खोल पाण्याच्या दोरीपलीकडे गेलं की तो जसा ओरडायचा तशी ती वाट बघत होती. ऐकलं असतं तिने, भिंतीला टेकून ऐकून घेतलं असतं. त्याचं बोट सवयीने ‘राग’ कप्प्यावर गेलं, तो उघडला, रिकामा पडदा आला, आणि त्याच्या तोंडाची हालचाल झाली, गळ्यातल्या भोकातून नुसती हवा फसकन बाहेर आली. मग तो एकेक अक्षर टंकत गेला. “किसणे,” न्हालेला माणूस म्हणाला, “वाचलं का नाहीस.” प्रश्नचिन्हसुद्धा ऐकू येईना. इतकं गोड, इतकं सभ्य, जणू पाहुण्यांना साखर किती म्हणून विचारावं. दादाने मान जोरात हलवली. हे नव्हे, हे नव्हे. त्याने आवाजाचं बटण शोधलं. तेही घसरलेलं होतं, ‘आवाज वाढवा’ दाबलं तर दुसरंच काही तरी व्हायचं, तीन बटणं चुकून चौथं सापडलं. त्याने आवाज शेवटापर्यंत नेला आणि पुन्हा दाबलं. “किसणे, वाचलं का नाहीस.” खिडकीची काच झणझणली. पुन्हा. “किसणे, वाचलं का नाहीस.” खाली कुणी तरी दार उघडून जिन्यात आलं. पुन्हा. दादाचा चेहरा लालबुंद झाला होता, कपाळाची शीर फुगली होती, सगळं शरीर गर्जत होतं आणि त्यातून तो सुखवस्तू माणूस न चिडता, न दमता, तेच वाक्य बोलत होता. वहिनीने कान झाकले. तिने झाकले नाहीत. तिला वाटलं, त्या अकरांपैकी एक तरी द्या कुणी तरी, ती नुसती गर्जना, ती मला मारा, ती माझी आहे.

नवव्यांदा की दहाव्यांदा वाजल्यावर तो थांबला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. आणि तेव्हा तिला बाकीचे आठवले. मराठीतून ही पाटी वापरणारे तेराशे जण, असा आकडा संकेतस्थळावर होता. कुणाची आई असेल, कुणाचा मास्तर. कितींना आज सकाळी प्रश्न विचारला गेला होता? काहींची पाटी अजून खणात असेल, उशीखाली असेल, दुपारी उघडतील. दुरुस्ती दिली की तासाभरात ती पाट्यांपर्यंत पोहोचायची, तेवढं तरी तिकडचे लोक चोख होते. “दादा,” ती म्हणाली, “मला हे आत्ता नीट करावं लागेल. तू नंतर काय ते बोल. हाकलून दे हवं तर.” तिने पिशवीतून आपला लॅपटॉप काढला आणि त्याच टेबलावर, त्याच्या समोर उघडला. आधी तिने चर्चेच्या पानावर, आपल्याच ओकलेल्या शब्दांखाली लिहिलं, ‘वरचं खोटं आहे. मंजूर मी केलं होतं, न वाचता. पाणकोंबडी यांनी आधीच सावध केलं होतं.’ पाठवताना बरं वाटलं नाही. त्याखाली मराठीत आणि तिकडच्या भाषेत लिहिलं, प्रश्न आला तर कुठलंही बटण दाबू नका. मग सहाव्या ओळीवर आली आणि ओठ मिटून, डोळ्यांनी, वाचायला लागली.

टेबल हादरलं. दादाने दोनदा ठोकलं होतं, मुठीने. तिने वर पाहिलं. तो टंकत होता. त्याच्या नजरेत क्षमा वगैरे काही नव्हतं, रागच होता, सकाळएवढाच. “मोठ्याने वाच,” पाटी ओरडली.

तो खुर्ची ओढून तिच्या बाजूला आला, मूळ ओळींच्या रकान्यावर बोट ठेवून बसला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी होती. लॅपटॉपवर वाकून तिने घसा साफ केला. तीन वर्षांपूर्वी वाचायची तसं सहाव्या ओळीपासून सुरू केलं, आकडा, ओळ, विरामचिन्ह. ठक. सातवी. ठक. आठवीत तिने गडबड केली, ठक ठक, तिने पुन्हा लावली. तिचा आवाज चिरका होता, तिला तो कधी आवडला नव्हता, आणि आता त्या घरात दुसरा नव्हता. अकराव्या ओळीवर ती थांबली. दादाचं बोट ओळीखाली थांबलेलं होतं, वाट बघत.

“अकरा,” ती मोठ्याने म्हणाली. “तुमच्या जुन्या ध्वनिफिती ठेवायच्या का, प्रश्नचिन्ह.”

त्याचं बोट ओळीच्या शेवटापर्यंत गेलं. मग त्याने एकदा ठोकलं.